डोंगराला दिलेली मुदत

सरांचं एक तत्त्व होतं. आपण कुणाला काही विचारलं, तर त्याचं उत्तर येईपर्यंत थांबायचं. मध्येच उठायचं नाही, दुसरीकडे बघायचं नाही, आणि त्याचं वाक्य आपण पुरं करायचं तर मुळीच नाही. शाळेत विज्ञान शिकवताना ते एखाद्या पोराला प्रश्न विचारत आणि हाताची घडी घालून उभे राहत. पोरगं घामाघूम होई, डोकं खाजवी, खिडकीबाहेर बघे, तास संपल्याची घंटा होई, पण सर जागचे हलत नसत. एकदा एका मुलाने दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन आदल्या दिवशीच्या प्रश्नाचं उत्तर दिलं आणि सरांनी ते, मध्ये काही घडलंच नाही अशा थाटात ऐकून घेतलं. निवृत्तीच्या समारंभात जो तो या गुणाचं कौतुक करत होता. फक्त काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, घरी येताना म्हणाल्या, "त्यांना कुणाला तुमच्याबरोबर भाजी आणायला जावं लागत नाही ना, म्हणून कौतुक."

काकूंची तऱ्हा उलटी. त्या प्रश्न विचारत, उत्तरही स्वतःच देत आणि ते उत्तर पटलं नाही की सरांवर रागावत. आपला संसार यामुळेच सुरळीत चालला, असं सरांचं मत होतं. काकूंचं मत विचारायची सोय नव्हती, कारण विचारायच्या आत त्या ते सांगून मोकळ्या होत.

तर गोंधळाची सुरुवात झाली ती इमारतीच्या दारातल्या फळ्यापासून. पाणी किती वाजता येणार आणि वीज कधी जाणार, हे सेक्रेटरी त्या फळ्यावर खडूने लिहीत. पण सेक्रेटरींना उठायला उशीर होई, त्यामुळे पाणी येऊन गेल्यावर ते कधी येणार हे सगळ्यांना व्यवस्थित कळे. कुणीतरी नवा टीव्ही घेतला आणि जुना इमारतीला देऊन टाकला. तो फळ्याच्या जागी लावावा आणि त्यावर सगळं आपोआप दिसावं, अशी कल्पना बैठकीत निघाली. आता हे करणार कोण, असा प्रश्न आला तेव्हा सगळे आपापल्या चपलांकडे बघू लागले. सर म्हणाले, "मी करतो."

सर निवृत्तीनंतर एका जाडजूड पुस्तकावरून प्रोग्रॅमिंग शिकत होते. आतापर्यंत त्यांच्या प्रोग्रॅमने दोन संख्यांची बेरीज केली होती आणि ती बरोबर आली होती. एवढ्या अनुभवावर त्यांनी मीटरच्या कपाटात एक जुना संगणक बसवला आणि त्याला सर्व्हर म्हणायला सुरुवात केली. योजना सोपी होती. टीव्हीने पान मागितलं की सर्व्हरवरची स्क्रिप्ट, म्हणजे सरांनी लिहिलेला छोटा प्रोग्रॅम, पाणीखात्याच्या वेबसाइटला जाऊन विचारणार, मग वीजकंपनीच्या वेबसाइटला विचारणार, आणि दोघांची उत्तरं आणून पडद्यावर मांडणार. थोडक्यात, सेक्रेटरींचंच काम, पण वेळेवर उठून.

इथपर्यंत कुणाची काही हरकत नव्हती. पण सरांनी पाणी आणि वीज यांच्या वर आणखी एक ओळ घातली आणि तिथून पुढचं सगळं रामायण घडलं.

सरांची लेक दूर एका डोंगरावरच्या हवामानकेंद्रात नोकरीला लागली होती. पहिलीच नेमणूक. डोंगरमाथ्यावर तीन खोल्या, चार माणसं आणि वारा. घरच्यांशी फोन आठवड्यातून एकदा, तोही डोंगराची मर्जी असेल तर. मात्र केंद्राची एक वेबसाइट होती आणि तिच्यावर तासातासाला एक ओळ येई. तापमान, वाऱ्याचा वेग आणि शेवटी जो कामावर असेल त्याचा शेरा. "धुके अतिशय दाट. दरी दिसत नाही." खाली नाव नसे, पण काकूंना ओळखू येई. नुसतंच "धुके दाट" असलं, की "हा दुसऱ्या कुणाचा तरी आहे," त्या म्हणत. "आपल्या बाईंना 'अतिशय' लिहिल्याशिवाय चैन पडत नाही." आणि शेरा लेकीचा असला की त्याचा अर्थ लावणं सुरू होई. दरी दिसत नाही म्हणजे खिडक्या लावून आत बसली असणार, म्हणजे बरंच झालं. वारा कमी म्हणजे केस धुतले असणार.

लेक गेल्यापासून काकूंचं बोलणं निम्म्यावर आलं होतं. सरांना हे कुणाला सांगता येत नव्हतं, कारण ऐकणारा अभिनंदन करण्याची शक्यता होती. पण त्यांना घर ओळखू येईनासं झालं होतं. काकू प्रश्न विचारत आणि उत्तर न देताच उठून जात. म्हणून सरांनी डोंगराची ओळ पडद्यावर घातली, आणि लेकीचा मान म्हणून सगळ्यात वर घातली. दुसऱ्या दिवसापासून काकू सकाळ-संध्याकाळ पिशवी घेऊन खाली जायला लागल्या. पिशवी रिकामी जाई आणि रिकामीच परत येई. सरांनी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही.

आता झालं असं, की डोंगराला उत्तर द्यायला वेळ लागे. तिथवर तार पोचली नव्हती, सगळा कारभार हवेतून. आकाश मोकळं असलं तर ओळ पटकन येई, धुकं असलं की रेंगाळे. आणि स्क्रिप्ट होती सरांची. ती आधी डोंगराला विचारायची आणि हाताची घडी घालून उभी राहायची. डोंगर बोलेपर्यंत पाण्याला विचारायचं नाही, विजेला विचारायचं नाही. पुस्तकात एक सूचना होती, की बाहेरच्या वेबसाइटला काही विचारताना किती वेळ वाट बघायची याची मुदत घालावी. त्याला टाइमआउट म्हणतात. सरांनी ते प्रकरण वाचलं, समासात "असभ्यपणा" असं पेन्सिलीने लिहिलं आणि पान उलटलं.

त्यामुळे धुक्याच्या दिवशी अख्खी इमारत पडद्यासमोर उभी राहून "थांबा" हा एकच शब्द वाचू लागली. सल्ले सुरू झाले. एकाने टीव्ही बंद करून चालू करायला सांगितला. दुसऱ्याने तो पुसायला सांगितला. पहिल्या मजल्यावरच्या आजोबांचं म्हणणं पडलं, की टीव्ही उत्तरेकडे तोंड करून लावलाय, तो जरा पूर्वेकडे वळवा. सरांनी प्रत्येकाचं पूर्ण ऐकून घेतलं, कारण तत्त्व.

शेवटी सेक्रेटरींची सून खाली आली. ती संगणकाच्याच कंपनीत होती आणि घरूनच काम करायची. तिने कपाट उघडून स्क्रिप्ट पाहिली, ओठ चावला आणि हळूच म्हणाली, "सर, तुम्ही मुदतच घातली नाहीये."

"विचारलंय तर थांबायला नको?"

"थांबायचं, पण थोडंच. नाहीतर एकासाठी सगळे अडकतात."

"वर्गात मी असं कधी केलं नाही."

"माहीत आहे," ती म्हणाली. "आमचे हे तुमच्याच वर्गात होते. ते अजून सांगतात." एवढं बोलून ती वर निघून गेली.

सरांना ते लागलं. कालची पोर आपल्याला सांगते, की थांबू नका. ठीक आहे, नका थांबू. त्यांनी तिरीमिरीत पुस्तक उघडलं, मुदतीची ओळ शोधली आणि आकडा घातला शून्य. अजिबातच थांबायचं नाही ना, मग घ्या शून्य. घरी येऊन ते पाणी प्यायले आणि काकूंना म्हणाले, की या घरातली सभ्यता आज संपली. काकू म्हणाल्या, "पिशवी कुठे ठेवली मी?"

शून्याचा अर्थ त्या पुस्तकात तीन पानं पुढे दिला होता. शून्य म्हणजे मुदत नाही. म्हणजे पूर्वीसारखंच अनंतकाळ थांबा, आणि त्या दिवशी डोंगरावरचं धुकं काही हटेना. पडदा थोड्या थोड्या वेळाने नव्याने पान मागे आणि प्रत्येक मागणीबरोबर स्क्रिप्टचा एक नवा अवतार डोंगराला प्रश्न विचारून उभा राही. आधीचे जायचं नाव घेत नव्हते, नवे येतच होते. संध्याकाळपर्यंत त्या जुन्या संगणकात एवढी गर्दी झाली, की त्याचा पंखा गरगरू लागला आणि आजोबा विचारायला आले, की मीटरच्या कपाटात मिक्सर कुणी लावलाय. मग संगणक एकदाच कण्हला आणि गप्प झाला.

सरांनी तीन पानं पुढचं वाचलं आणि शून्याच्या जागी पाच घातलं. पाच सेकंद म्हणजे अगदीच अपमान नाही, असा विचार त्यांनी केला होता. परंतु ती मुदत सेकंदांत मोजायची नव्हती, सेकंदाच्या हजाराव्या भागात मोजायची होती. इतक्या वेळात माणसाची पापणीही लवत नाही, तिथे पाणीखातं काय उत्तर देणार? सकाळी पडद्यावर मोठ्या अक्षरांत झळकलं: "डोंगर: उत्तर नाही. पाणी: उत्तर नाही. वीज: उत्तर नाही."

आजोबांनी ते वाचलं आणि त्यातला फक्त मधला मजकूर सबंध जिन्याला ऐकवला. पाणी नाही. पुढच्या काही मिनिटांत इमारतीतली प्रत्येक बादली, पातेलं, तांब्या, कुंडी आणि एका घरातला बाळाचा टबसुद्धा भरला गेला. गच्चीवरची टाकी रिकामी झाली. म्हणजे सकाळी पडद्याने जे खोटं सांगितलं होतं, ते दुपारच्या आत इमारतीने कष्टाने खरं करून दाखवलं. सेक्रेटरी त्या वेळी न्हाणीघरात होते. डोक्याला साबण लावलेल्या अवस्थेत, टॉवेल गुंडाळून ते जिन्यात आले आणि सरांच्या दाराशी उभे राहून म्हणाले, "सर, मला काही म्हणायचं नाहीये." आणि बराच वेळ तिथेच उभे राहिले. काकूंनी त्यांना शेवटी घरातलं एक पातेलं दिलं.

या वेळी तरी सेक्रेटरींच्या सुनेला विचारावं असं काकूंनी सुचवलं. सरांनी तो सल्ला ऐकलाच नाही. दुखावलेला माणूस सहसा मेहनती होतो. त्यांनी मुदत नीट पाच सेकंद केली आणि वर स्वतःच्या डोक्याने एक भर घातली. उत्तर नाही आलं, तर लगेच परत विचारायचं. परत नाही आलं, तर लगेच परत. मुदत तर मुदत, पण माघार नाही. यात सभ्यता आणि आधुनिकता यांचा मेळ बसलाय, अशी त्यांची समजूत होती.

त्या दिवशी पाणीखात्याची वेबसाइट दुपारी बंद पडली होती. सरांची स्क्रिप्ट तिचं दार ठोठावत राहिली. दुसऱ्या दिवशी साइट सुरू झाली, पण इमारतीपुरती नाही. पाणीखात्याने इमारतीचा इंटरनेटवरचा पत्ताच अडवून टाकला, आणि सगळ्या घरांचं इंटरनेट त्या एकाच पत्त्यावरून चाले. आता पडद्यावर तर पाणी नव्हतंच, शिवाय कुणाच्या घरच्या संगणकावरही पाणीखातं उघडेना.

सर पाणीखात्यात गेले. लांब खोली, लोखंडी खुर्च्या, एकच खिडकी. त्यांचा नंबर आला तेव्हा आतल्या बाबूंनी "बंद" अशी पाटी समोर ठेवली आणि डबा उघडला. सर खिडकीसमोरच उभे राहिले. बाबूंनी चार घास खाल्ले, मग पाटीवरून वर बघितलं.

"जेवण झाल्यावर या."

"मी थांबतो."

"बसा ना मग तिकडे."

"नाही, ठीक आहे."

कुणी असं टक लावून उभं असताना जेवणं सोपं नसतं. बाबूंनी डब्याचं झाकण लावलं. "काय काम आहे?"

सरांनी इमारतीचा पत्ता सांगितला. बाबूंनी संगणकात पाहिलं आणि त्यांचे डोळे विस्फारले. "अरे, ते तुम्हीच होय. आमचे इंजिनिअर म्हणत होते, कुणीतरी हल्ला केलाय. एवढी कसली घाई हो तुम्हाला पाण्याची?"

"घाई नव्हती. आम्ही नुसतं विचारत होतो."

"असं विचारतात?" बाबू म्हणाले. "बरं. तुमचा पत्ता मोकळा करायला अर्ज करावा लागेल."

"द्या अर्ज."

"तो आमच्या वेबसाइटवर भरायचा असतो."

सरांनी थोडा वेळ जाऊ दिला. कदाचित बाबूंना स्वतःलाच ऐकू येईल काय बोललो ते, असं त्यांना वाटलं. पण बाबूंना ऐकू आलं नाही. अखेर सरांनीच समजावून सांगितलं, की वेबसाइट उघडत नाही म्हणून अर्ज करायचा, आणि अर्ज करायचा तर वेबसाइट उघडावी लागते. बाबूंनी मान डोलावली. ही अडचण सगळ्यांनाच येते म्हणाले. आणि मग त्यांना काय वाटलं कुणास ठाऊक, सरांकडे बघून त्यांनी स्वतःच्याच संगणकावर तो अर्ज भरून टाकला. कारणाच्या रकान्यात काय लिहू, असं त्यांनी विचारलं. सर म्हणाले, "अतिउत्साह." तो शब्द मंजूर झाला.

परत आले तर इमारतीच्या दारात बैठक बसलेली. सेक्रेटरी, आता कोरड्या डोक्याने, बोलत होते. "सरांबद्दल आम्हाला आदरच आहे. पण सगळा घोळ त्या पहिल्या ओळीमुळे होतो. आपल्याला त्या डोंगरावरच्या वाऱ्याचं करायचंय काय? ती ओळ काढून टाका, बाकीचं चालेल. हवं तर ठराव करू."

काकू दाराशी उभ्या होत्या, हातात पिशवी. त्यांच्याकडून सणसणीत उत्तराची सगळ्यांना खात्री होती. सेक्रेटरींनी तर मान थोडी खालीच घेतली होती. पण काकू म्हणाल्या, "काढा हो. खरंच आहे त्यांचं. लोकांना पाणी महत्त्वाचं." आणि त्या वर निघून गेल्या.

सर सगळ्या फजितीत एवढे कधी खचले नव्हते. काकूंनी कुणाचंही म्हणणं इतक्या पटकन मान्य करावं, हे त्यांनी उभ्या आयुष्यात पाहिलं नव्हतं. ते उठले, जिना चढून सेक्रेटरींच्या घरी गेले आणि सुनेला म्हणाले, "मला हे येत नाही. शिकवशील?"

सुनेने खुर्ची पुढे ओढली, दुसरी स्वतःसाठी घेतली. दोघं त्या स्क्रिप्टसमोर बसले. तिचं म्हणणं साधं होतं. तिघांना वेगवेगळं विचारायचं, म्हणजे एकाच्या उशिरापायी दुसरा अडकणार नाही. पडदा पान मागतो तेव्हा कुणाकडे जायचंच नाही. विचारपूस मागल्या दाराने, आपल्या सवडीने चालू ठेवायची. उत्तर आलं की जपून ठेवायचं, आणि पडद्यावर नेहमी जपलेलं उत्तर दाखवायचं.

"म्हणजे शिळं," सर म्हणाले. "ही फसवणूक झाली."

"खाली वेळ लिहायची ना. हे उत्तर कधीचं आहे ते. शिळं शिळं म्हणून वाढलं तर त्यात फसवणूक कसली?"

सरांनी यावर विचार केला आणि त्यांना ते पटलं. मग मुदतीची गोष्ट निघाली. पाण्याला पाच सेकंद, विजेला पाच सेकंद. डोंगराच्या रकान्याशी सुनेचा हात थांबला. "याला अर्धा मिनिट देऊ," ती म्हणाली. "लांबून बोलतोय बिचारा. आणि नाही बोलला तर रागवायचं नाही, ठोठावायचं नाही. दहा मिनिटांनी परत विचारायचं."

"आणि तेव्हाही नाही बोलला तर?"

"परत दहा मिनिटांनी."

पडदा चालू लागला. पाणी वेळेवर दिसे, वीज वेळेवर दिसे, आणि वरती डोंगराची ओळ, खाली बारीक अक्षरांत तिची वेळ. ठराव बारगळला. उलट लोक येताजाता डोंगर वाचू लागले. आजोबा तर संध्याकाळी फिरायला निघताना डोंगरावरचा वारा बघून स्वेटर घालायचा की नाही ते ठरवू लागले. तो वारा इथे पोचायला निदान आठवडा लागेल, हे त्यांना कुणी सांगितलं नाही.

आणि मग डोंगर गप्प झाला.

बातम्यांत आलं, की त्या बाजूला वादळ आहे. फोनचा वार आला आणि गेला, फोन आला नाही. पडद्यावरची ओळ तीच राहिली: "वारा अतिशय जोरात. खिडक्या बंद करून घेतल्या." खालची वेळ मात्र जुनी होत चालली. आधी "आज सकाळचं उत्तर" होतं, मग "कालचं" झालं, मग "परवाचं".

आधीच्या व्यवस्थेत एक बरं होतं. पडदा "थांबा" म्हणे आणि काकूंना सरांवर रागावता येई. तुमचं यंत्रच बिघडलंय म्हणता येई. आता यंत्र उत्तम चाललं होतं. गप्प कोण आहे, हे ते स्वच्छ सांगत होतं. रागावायला कुणीच उरलं नव्हतं.

दुपारी काकू स्वयंपाकघरातून बाहेर आल्या आणि सरांसमोर बसल्या. "अहो, ते पहिल्यासारखं करा ना. ती मुदत काढून टाका."

"का गं?"

"अर्ध्या मिनिटात तुमचं ते यंत्र सोडून देतं. मला नाही बघवत. कुणीतरी तिच्यासाठी थांबलेलं असू दे."

आपलंच तत्त्व काकूंच्या तोंडून ऐकायला सरांनी किती वर्षं वाट पाहिली होती, आणि ते आलं ते अशा वेळी. त्यांना वाटलं, उठावं आणि काढून टाकावी ती मुदत. पण ते उठले नाहीत.

"सोडून देत नाही गं," ते म्हणाले. "तसं मलाही आधी वाटायचं. नुसता उभा राहिलेला माणूस काय करतो, एकदाच विचारतो आणि तिथेच गोठतो. त्याचा प्रश्न वाऱ्यात उडून गेला असला तरी त्याला कळत नाही. हे तसं नाही. हे अर्धा मिनिट ऐकतं, परत येतं, दम खातं आणि पुन्हा जाऊन विचारतं."

"किती वेळा?"

"ती बोलेपर्यंत."

काकूंनी पदराने डोळे पुसले. "नक्की ना? मध्येच कंटाळणार नाही ना ते?"

"माझं आहे," सर म्हणाले.

त्या संध्याकाळपासून दोघंही खाली पडद्यासमोर जाऊन उभे राहू लागले. पिशवी आता घरीच राहिली. सेक्रेटरींनी कुठलाही ठराव न करता आपल्या घरातलं बाक आणून तिथे ठेवलं आणि जाताना म्हणाले, "बसा, काकू. आम्ही पण बघतोय." आजोबा न विचारता शेजारी येऊन बसले आणि एकदाही कुणाला कसला सल्ला दिला नाही. जिन्याने येणारा-जाणारा वरच्या ओळीखालची वेळ बघून पावलं हळू टाकत जाई. पाण्याच्या ओळीकडे कुणाचं फारसं लक्ष नव्हतं.

फोन आला तो सकाळी, सर दाढी करत असताना. पलीकडे आधी नुसता वारा ऐकू आला. मग लेक.

"बाबा, आम्ही सगळे ठीक आहोत. अतिशय ठीक. बाबा, ते तुमचंच होतं ना?"

"काय?"

"वादळात आमचा पाठवणारा खांब वाकला. आमचं काहीच बाहेर जात नव्हतं, ना फोन, ना काही. पण बाहेरून आलेलं आत येत होतं. इथल्या मशीनवर दिसायचं, कोण विचारतंय ते. पहिल्या दिवशी बरेच होते. मग एकेक करून सगळे थांबले. एकच राहिला, दर दहा मिनिटांनी. आमच्या साहेबांनी जुन्या नोंदींत पत्ता शोधला तर आपलं गाव निघालं. मी म्हटलं, आमचे बाबा असणार." ती हसली. "रात्री वारा असा होता ना, की छप्पर जातंय असं वाटायचं. आम्ही मशीनसमोर बसून राहायचो. दहा मिनिटं झाली की तो यायचा. आला की साहेब म्हणायचे, चला, विचारून गेला, चहा टाका."

सरांच्या अर्ध्या गालाला साबण होता, आणि दुसऱ्या गालावरून पाणी ओघळत होतं. त्यांनी फोन काकूंच्या हातात दिला.

काकूंनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी फोन कानाला लावला आणि गेल्या कित्येक दिवसांचं साठलेलं एकदम बाहेर पडलं. "दर दहा मिनिटांनी चहा? झोप उडेल नाहीतर काय होईल? पित्त वाढवून घेतलंस ना? वाढलंच असणार. आणि जेवायला काय होतं, नुसता चहाच ना? मला माहितीये, नुसता चहाच. स्वेटर तरी घालत होतीस का?"

पलीकडून काही आलं नाही. डोंगरावरून आवाज यायला वेळ लागत होता. सर दारात उभे होते. आता काकू स्वतःच उत्तर देतील आणि त्यावर रागावतील, असं त्यांना वाटलं.

पण काकूंनी फोन दोन्ही हातांनी धरला, डोळे मिटले आणि त्या थांबल्या.